सावत्र बोल्ट

चष्मेवाल्यांनी रायफल विकायला काढली ही बातमी फुटायला वेळ लागला नाही, कारण ती त्यांनी स्वतःच फोडली. रंगाच्या दुकानावरच्या खोलीत दर महिन्याला जुन्या हत्यारांच्या शौकिनांचं मंडळ भरायचं. मंडळ म्हणजे आठ म्हातारे, एक कुरकुरणारा पंखा आणि एक लांबलचक टेबल. त्या टेबलाशी उभं राहून चष्मेवाले म्हणाले, "माझी एनफील्ड द्यायची आहे," आणि बाकीच्यांनी असे चेहरे केले की जणू घरातलं कुणी अत्यवस्थ आहे.

घरात आजारपण होतंच, पण ते रायफलीचं नव्हतं. बायको न्हाणीघरात घसरून पडली होती. खुब्याचं हाड जोडून झालं, पण डॉक्टरांनी जिना कायमचा बंद सांगितला, आणि चष्मेवाल्यांचं बिऱ्हाड त्यांच्या चष्म्याच्या दुकानाच्या माथ्यावर, अंधाऱ्या अरुंद जिन्याच्या टोकाला. सध्या तिची खाट खाली आणून दुकानामागच्या खोलीत टाकली होती. पण असे किती दिवस काढणार? लेक दूरच्या शहरात राहायची. तिच्या इमारतीला लिफ्ट होती, घरात एक खोली जास्तीची होती, आणि तिची अट एकच होती.

"बाबा, तुमचे डबे आणा, खोके आणा, ते हजार स्क्रू ड्रायव्हर आणा. पण बंदूक माझ्या घरात नको. मुलं लहान आहेत."

"अगं, नळी कायमची बुजवलेली आहे. तसा सरकारी दाखला आहे. ती आता बंदूक कमी आणि काठीच जास्त."

"मग काठीच आणा," लेक म्हणाली आणि तिने विषय संपवला. लेक कुणावर गेली होती हे वेगळं सांगायला नको.

तर विकणं भाग होतं. आणि विकायचं म्हणजे मंडळाच्या रिवाजाने विकायचं. रिवाज असा, की विकणाऱ्याने घेणाऱ्यासमोर वस्तू पूर्ण खोलायची आणि तिच्या सगळ्या खोडी आपल्याच तोंडाने सांगायच्या. आधी खोड, मग मोल. खोडी संपल्याशिवाय पैशाचं नाव काढायचं नाही, आणि एकदा सांगितलेल्या खोडीवरून घेणाऱ्याने पुढे जन्मात कुरकुर करायची नाही. जगात आपला तो बाब्या असतो आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मंडळात नेमकं उलटं. विकायला बसलं की आपल्या बाब्याला चारचौघांत कार्टं म्हणावं लागायचं. हा नियम कुणी कुठे लिहून ठेवला नव्हता, बहुधा म्हणूनच पाळला जात होता.

चष्मेवाल्यांच्या रायफलीची मोठी खोड मात्र मंडळाला तोंडपाठ होती. तिचा बोल्ट सावत्र होता.

बोल्ट म्हणजे रायफलीच्या पाठीवरचा तो मुठीचा पोलादी दांडा. मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मूठ खाली वळवली की बसला. त्या काळच्या ब्रिटिश लष्करी रायफलींत प्रत्येक बोल्ट कानशीने घासून एकेका रायफलीला बसवलेला असायचा आणि त्याच्यावर तिचाच नंबर ठोकलेला असायचा. नंबर जुळला तर बोल्ट सख्खा, नाही जुळला तर सावत्र. हे शब्द मंडळाचे. चष्मेवाल्यांच्या रायफलीचा नंबर होता चव्वेचाळीस सतरा, आणि तिच्यातल्या बोल्टवर भलताच कुठला तरी.

एवढंच असतं तर निभावलं असतं. सावत्र बोल्टची रायफल म्हणजे काही जगबुडी नव्हे. दुखणं वेगळंच होतं. सख्खा बोल्ट कुठे आहे हे चष्मेवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. तो कर्नलकडे होता.

कर्नल कधी सैन्यात नव्हते. ते बँकेत कॅशियर होते. मिशा तेवढ्या लष्करी. बाकी गृहस्थ शेजारी फुगा फुटला तरी दचकायचे. वीस-बावीस वर्षांमागे एका जुन्या लष्करी गोदामाचा लिलाव झाला, तेव्हा चष्मेवाल्यांनी ही रायफल घेतली. ती इतक्या ग्रीसमध्ये बुडालेली होती की तिच्यातला बोल्ट बाहेर काढायला दोन दिवस रॉकेल पाजावं लागलं. त्याच लिलावात कर्नलनी सुट्या भागांची एक पेटी वजनावर घेतली. पुढच्या महिन्यात मंडळात चष्मेवाल्यांनी हौसेने आपल्या रायफलीचा नंबर वाचून दाखवला, आणि कर्नल ताडकन उभे राहिले.

"चव्वेचाळीस सतराचा बोल्ट माझ्या पेटीत आहे," ते म्हणाले.

त्या क्षणी दोन शहाणी माणसं असती तर प्रकरण चहाबरोबर मिटलं असतं. पण चष्मेवाले म्हणाले, बोल्ट मला द्या. आणि कर्नल म्हणाले, रायफल मला द्या. बोल्टवाचून रायफल पुरी नाही, रायफलीवाचून बोल्ट म्हणजे लोखंडाचा तुकडा, हे दोघांनाही कळत होतं, आणि दोघंही आपापल्या अर्ध्यावर ठाण मांडून बसले. निदान एकदा जोडून तरी बघा, असं मंडळातल्या इतरांनी सुचवलं. चष्मेवाले म्हणाले, त्यांनी बोल्ट घेऊन माझ्याकडे यावं. कर्नल म्हणाले, त्यांनी रायफल घेऊन माझ्याकडे यावं. आपली वस्तू घेऊन दुसऱ्याच्या दारात जायचं म्हणजे पडती बाजू घेणं, आणि पडती बाजू घ्यायला दोघांनाही जन्मात जमलं नव्हतं. म्हणून ती रायफल आणि तो बोल्ट एका गावात वीस वर्षं राहूनही एका खोलीत कधी आले नाहीत.

आले ते फोन. दर रविवारी दहाच्या सुमाराला चष्मेवाले रायफल खाली काढायचे, पुसायचे, लाकडाला जवसाचं तेल लावायचे, आणि सावत्र बोल्ट दोन-तीनदा मागेपुढे करून जागच्या जागी बसवायचे. तेवढ्यात फोन वाजायचा.

"काय, विकताय का?" कर्नल विचारायचे.

"नाही. तुम्ही विकताय?"

"नाही."

"मग ठेवा."

पण फोन कुणीच ठेवायचं नाही. अर्धा-पाऊण तास चालायचा. गुडघे, सुना, भाज्यांचे भाव, कर्नलचा मोतीबिंदू, मंडळातल्या अमक्याने तमक्याला घातलेली टोपी, सगळं त्यात यायचं. कर्नलची बायको गेली त्या आठवड्यातही फोन आला होता. "काय, विकताय का?" एवढंच विचारलं, आणि मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. चष्मेवाल्यांनीही फोन ठेवला नव्हता.

आता खरी गोष्ट सांगायची तर चष्मेवाल्यांना दोन गोष्टींची धास्ती होती. एक ते उघड बोलायचे: जायच्या आधी रायफल तिच्या सख्ख्या बोल्टला भेटलीच पाहिजे. तो बोल्ट तिच्यात बसतानाचा आवाज त्यांना एकदा, फक्त एकदा, आपल्या कानांनी ऐकायचा होता. दुसरी धास्ती ते बायकोलाही सांगत नव्हते. रायफल गेली की भांडण गेलं, आणि भांडण गेलं की कर्नल गेले. नव्या शहरात लेक होती, जावई होता, लिफ्ट होती. पण रविवारी दहा वाजता आपल्याला डिवचणारं माणूस तिथे कुठून आणायचं?

कर्नलना विचारायच्या आधी एक व्यापारी येऊन गेला. जुन्या वस्तूंचं मोठं दुकान होतं त्याचं. त्याने रायफल हातात धरली तीच मुळी फळकुट धरल्यासारखी.

"दस्त्याची पितळी पट्टी एका गिऱ्हाइकाला लागते आहे," तो म्हणाला. "नेम धरायची साइट दुसरा घेईल. लाकडाचा दिवा झकास होतो, हॉटेलवाले उड्या टाकतात. अख्खी विकण्यात काही राम नाही हो, काका." आणि त्याने जो भाव सांगितला तो मंडळातल्या कुणाला झेपला नसता.

"विचार करून सांगतो," चष्मेवाले म्हणाले. चाळीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसाला हे वाक्य ऐकायची सवय होती, म्हणायची नव्हती. व्यापाऱ्याला त्याचा अर्थ कळला. तरीही तो जाताना कार्ड ठेवून गेला.

बायको आतल्या खाटेवरून सगळं ऐकत होती. "दिवा करणार म्हणे मेला," ती म्हणाली. तिला त्या रायफलीचं कौतुक कधीच नव्हतं. इतकी वर्षं कपाटावरची जागा अडवल्याबद्दल ती तिला सवत म्हणत आली होती. पण घरच्या माणसाला बाहेरच्याने नावं ठेवलेली तिलाही खपायची नाहीत. "अहो, कर्नल भावजींना देऊन टाका ना. त्यांच्यापाशी तो तुमचा सख्खा की कोण आहेच. दोघांची एकदाची गाठ तरी पडेल."

"मी आपणहून विचारू?"

"नका विचारू. ते रविवारी विचारतीलच."

आणि रविवारी ते विचारतेच झाले.

"काय, विकताय का?"

"हो," चष्मेवाले म्हणाले.

मंडळात बातमी ऐकली असली तरी फोनवर 'हो' हे उत्तर वीस वर्षांत पहिल्यांदाच आलं होतं. कर्नल सावधपणे म्हणाले, "कोण बोलतंय?"

"मीच बोलतोय. आणि ऐका, बोल्ट घेऊन इकडे या. मला रायफल घेऊन जिना उतरून तुमच्याकडे येणं होणार नाही, हिला एकटं टाकता येत नाही." ही सबब होती. रायफल केव्हाच खाली दुकानात आलेली होती. पण इतक्या वर्षांनी शेवटी पडती बाजू घ्यायचीच, तर तिला निदान नीट कपडे घालावेत, एवढंच चष्मेवाल्यांनी केलं.

कर्नलना ते कळलं असावं. "वहिनींसाठी येतो," ते म्हणाले.

ते आले तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. फ्रेमी, आरसे, काउंटर सगळं पुढच्या भाडेकरूच्या हवाली झालं होतं. तो तिथे मोबाइलची कव्हरं विकणार होता. भिंतीवर अक्षरांचा तक्ता तेवढा राहिला होता, आणि नजर तपासायचं लांब टेबल. टेबलावर जाड घोंगडी, घोंगडीवर रायफल. कर्नलनी इस्त्रीचा कोट घातला होता. कोटाच्या खिशातून त्यांनी एक राखाडी लोकरी मोजा काढला आणि रायफलीपासून हातभर अंतरावर ठेवला. मोज्याच्या आतून वस्तू टेबलावर खट् वाजली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही लगेच दुसरीकडे पाहिलं.

"वहिनी, पाय काय म्हणतो?" कर्नलनी पडद्याकडे तोंड करून विचारलं.

"पाय म्हणतो, तुम्हा दोघांचं एकदाचं उरका," आतून उत्तर आलं.

मग चष्मेवाले बसले, डोळ्याला घड्याळजीसारखी भिंगाची नळी लावली आणि रायफल खोलू लागले. सावत्र बोल्ट काढून बाजूला ठेवला. मग लाकडाच्या पुढच्या दोन फळ्या, साइट, मॅगझिनची पेटी, तळाचा पितळी पत्रा. एकेक भाग ते घोंगडीवर मांडत गेले आणि तोंडाने खोडी सांगत गेले.

"दस्त्याला इथे चीर आहे. कुणीतरी सरस आणि भुसा भरलाय. मी नव्हे, माझ्या आधीच्याने."

कर्नलनी मान हलवली.

"साइटचा हा स्क्रू हिचा नाही. मी चष्म्याच्या पितळेतून केलाय. दस्त्याच्या तळाच्या झाकणाची स्प्रिंग मेलेली आहे. आतली तेलाची कुपी हिची नाही, बाजारातून आणलेली आहे. नळी बुजवलेली आहे हे तुम्हाला माहीतच आहे. पॉलिश कधी केलं नाही, ती खोड नाही, पण सांगून ठेवतो. आणि बोल्ट सावत्र."

"ती खोड आज जाईल," कर्नल म्हणाले आणि मोज्यात हात घातला.

बोल्ट बाहेर आला. कर्नलनी तो वीस वर्षं जिवापाड जपला होता; म्हणजे ग्रीसचा जाड थर चढवून मोज्यात गुंडाळून ठेवला होता. मुठीच्या बुडाशी नंबर तेवढा पुसून लख्ख ठेवलेला. चव्वेचाळीस सतरा. चष्मेवाल्यांनी तो वाचला, रायफलीवरचा वाचला, पुन्हा बोल्टवरचा वाचला.

"तुम्ही बसवा," कर्नल म्हणाले.

"नाही, बोल्ट तुमचा. तुम्ही बसवा."

"रायफल अजून तुमची आहे."

असं 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' बरंच चाललं असतं, पण आतून बायको खाकरली. चष्मेवाल्यांनी बोल्टला थेंबभर तेल दिलं, रायफलीच्या पाठीवरच्या खाचेत तो मागून सरकवला आणि पुढे ढकलला. तो गेला. शेवटपर्यंत गेला. मग त्यांनी मूठ खाली वळवली, आणि ती अर्ध्यावर थांबली.

त्यांनी पुन्हा वळवली. मूठ तिथेच अडली. बोटभर अंतर राहिलं होतं, त्याहून जास्त नाही.

"ग्रीस असेल," कर्नल म्हणाले.

बोल्ट काढला. पेट्रोल आणलं, चिंध्या आणल्या. दोघांनी मिळून त्याचं अंगन् अंग पुसून काढलं. आतल्या खाचा कापसाने कोरल्या. पुन्हा घातला. मूठ पुन्हा त्याच जागी अडली.

"जोर लावू का?" कर्नलनी विचारलं.

"अजिबात नको."

चष्मेवाल्यांनी बोल्ट भिंगाखाली धरला. आता तो स्वच्छ झाला होता, आणि मुठीच्या खालच्या अंगाला, जिथे वीस वर्षं ग्रीस साठलं होतं, तिथे तांदळाच्या कणीएवढा एक शिक्का दिसत होता. तपासनिसाचा शिक्का: वर मुकुट, खाली कारखान्याची खूण. त्यांनी तो नीट पाहिला. मग रायफलीच्या सुट्या भागांवरचे शिक्के एकेक करून पाहिले. नळीवर, पेटीवर, साइटवर, सगळीकडे खूण एकच होती. बोल्टवरची वेगळी होती.

त्या काळी या रायफली एकाहून जास्त कारखान्यांत व्हायच्या, आणि प्रत्येक कारखाना आपले नंबर एकपासून सुरू करायचा. म्हणजे चव्वेचाळीस सतरा नंबरच्या दोन रायफली जगात सहज असू शकत होत्या. ही काही गुपित विद्या नव्हे. मंडळात नवा माणूस आला की त्याला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली जायची, आणि ती सांगायची हौस चष्मेवाल्यांना आणि कर्नलनाच सगळ्यात जास्त होती. नुसत्या नंबरावर भाळू नका, शिक्का बघा, असं दोघांनी आजवर कित्येकांना बजावलं होतं. स्वतः मात्र नंबर ऐकला आणि भांडायला उभे राहिले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

"हा हिचा नाही," चष्मेवाले म्हणाले.

"नंबर तोच आहे की!"

"नंबर तोच. कारखाना दुसरा."

"अरे, नीट बघ!" कर्नल म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी चष्मेवाल्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्यांनी भिंगाची नळी जवळजवळ हिसकावून घेतली, आपल्या मोतीबिंदूच्या डोळ्याला लावली, काही दिसेना, दुसऱ्याला लावली. बराच वेळ पाहत राहिले. मग नळी घोंगडीवर ठेवली आणि स्टुलावर बसले.

चष्मेवाल्यांना राग आला होता, आणि तो काढावा कुणावर हे कळत नव्हतं. कर्नलवर काढावा तर बोल्ट त्यांनी केला नव्हता. कारखान्यावर काढावा तर कारखाना समुद्रापलीकडे आणि शंभर वर्षांमागे. उरले आपण स्वतः. एकदा, एका रविवारी, रायफल उचलून चार गल्ल्या चाललो असतो तर हे तेव्हाच कळलं असतं. आणि मग त्यांच्या मनात आलं, कळलं असतं तर दुसऱ्या रविवारी फोन आला नसता. तेव्हा त्यांना राग धरून ठेवता येईना, आणि रागाच्या जागी जे आलं ते त्याहून वाईट होतं. त्यांना फार एकटं वाटलं.

"तुम्ही मोकळे आहात," ते म्हणाले. "तुम्ही जोडी घ्यायला आला होतात. जोडी नाही. तो दिवेवाला व्यापारी आहेच."

कर्नल मिशांवरून हात फिरवत राहिले.

चष्मेवाल्यांनी रायफल जोडायला घेतली. हात सवयीने चालत होते. पेटी, साइट, फळ्या, पत्रा. शेवटी सावत्र बोल्ट उचलला, मागून सरकवला, पुढे ढकलला, मूठ वळवली. कुठे न अडखळता तो गेला आणि बसला. एक घरंगळता, तेलकट सूर आणि त्याच्या टोकाला एक भरीव, गोल खटका.

"बसला का हो?" आतून बायकोचा आवाज आला. तिच्या आवाजात आनंद होता. "बरं झालं बाई! काय सुरेख आवाज आला."

दोघं जण त्या पडद्याकडे बघत राहिले.

चष्मेवाल्यांनी बोल्ट पुन्हा मागे घेतला. यावेळी त्यांनी भिंग न लावता पाहिलं. त्याच्या अंगावर जिथे जिथे रायफलीचं पोलाद घासत होतं तिथे तिथे तो आरशासारखा झाला होता, आणि रायफलीच्या खाचेतही त्याच जागी तशीच चमक होती. गोदामात पडण्याआधी कुणी सैनिकाने किती वर्षं वापरला, कोण जाणे. त्यानंतर वीस वर्षं दर रविवारी त्यांनी स्वतः वापरला होता. नंबराने तो तिचा नव्हता. पण झिजला तिच्याबरोबर होता. जो आवाज ऐकायला चष्मेवाले इतकी वर्षं थांबले होते तो ते दर रविवारी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता दुसऱ्याच कुणाची वाट बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं, आणि पेट्रोलच्या हाताने पुसल्यामुळे आणखी आलं.

"सगळ्या खोडी सांगून झाल्या?" कर्नलनी विचारलं.

"झाल्या."

"एक राहिली. वीस वर्षं एका हट्टी माणसाच्या घरात होती."

"ती खोड पुढेही राहीलच," चष्मेवाले म्हणाले. "घर तेवढं बदलेल."

आतून बायको मोठ्याने हसली. मग कर्नलनी मोल विचारलं. चष्मेवाल्यांनी सांगितलं. कर्नलनी एका शब्दाने घासाघीस केली नाही, आणि ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या त्याने स्वतःच्या नोटा न मोजता टेबलावर ठेवल्या. दाखला नावावर करायला दोघं दुसऱ्या दिवशी कचेरीत जाणार असं ठरलं. वहिनींच्या हातचा नव्हे, चष्मेवाल्यांच्या हातचा पाणचट चहा झाला. जाताना कर्नलनी तो दुसरा बोल्ट मोज्यात घातला, आणि मोजा खिशात टाकण्याऐवजी चष्मेवाल्यांच्या पुढ्यात सरकवला.

"हा इथेच राहू दे."

"माझ्या काय कामाचा?"

"माझ्या तरी काय कामाचा? लेकीने बंदूक नको म्हटलंय. बोल्ट नको म्हटलंय का?"

चष्मेवाल्यांना यातलं काही कळलं नाही. त्यांना वाटलं, कर्नलना तो डोळ्यांसमोर नकोसा झाला असेल. त्यांनी मोजा घेतला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या डब्यात ठेवून दिला.

लेकीच्या घरी सगळं ठीक होतं. लिफ्ट होती, खोलीला मोठी खिडकी होती, बायको वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागली. लेकीने मोजा उलटा करून पाहिला आणि विचारलं, "हे काय?" चष्मेवाले म्हणाले, "कशाचंच काही नाही." तिने तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू दिला. पहिल्या रविवारी चष्मेवाले लवकर उठले, दाढी केली, पेपर दोनदा वाचला आणि मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पुसायला काही नव्हतं. बायको त्यांच्याकडे बघत होती आणि बघत नाही असं दाखवत होती.

दहाच्या सुमाराला फोन वाजला. त्यांनी उचलला, तर पलीकडून कुणी बोलेना. फक्त तो घरंगळता तेलकट सूर आला, आणि त्याच्या टोकाला भरीव, गोल खटका. एकदा, दोनदा, तीनदा. मग कर्नलचा आवाज आला.

"काय, विकताय का?"

चष्मेवाल्यांनी कट्ट्यावरच्या मोज्याकडे पाहिलं. त्यांना आत्ता कुठे कळलं.

"नाही," ते म्हणाले. आवाज त्यांना वाटला होता त्याहून मोठा निघाला. "तुम्ही विकताय?"

"नाही."

"मग ठेवा."

फोन कुणीच ठेवला नाही. पाऊण तासाने, कान लाल झाल्यावर, चष्मेवाल्यांनी तो खाली ठेवला आणि मोजा उचलून आतला बोल्ट पुसायला घेतला.

"काय म्हणतात भावजी?" बायकोने विचारलं.

"बोल्ट मागताहेत."

"अहो, पण तो त्या रायफलीत बसत नाही ना?"

"नाही बसत."

"मग देऊन टाका की त्यांना. तुम्हाला तरी काय करायचाय?"

"असा कसा देऊन टाकू?" चष्मेवाले म्हणाले आणि तेलाची बाटली शोधायला उठले.